एकच 'कंपोनंट', मराठीत शब्द किती? ट्रान्सफॉर्मरच्या मॅन्युअलच्या निमित्ताने

रावपुरा_अनुवाद

नमस्कार मंडळी. बडोद्यात बनणाऱ्या तेलाच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं उभारणी आणि देखभालीचं मॅन्युअल इंग्रजीतून मराठीत आणायचं आहे. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, म्हणजे वाचणार साइटवरचे फिटर, वायरमन आणि ज्युनिअर इंजिनिअर. इंग्रजी मजकुरात 'कंपोनंट' पानोपानी आहे. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'घटक' आलंय आणि वाचताना ठेच लागते. नमुन्याला सात वाक्यं देतो:

१. खोकी उघडल्यावर प्रत्येक घटक पॅकिंग यादीशी ताडून पाहा.
२. घटक ३ काढण्यापूर्वी तेलाची पातळी खाली आणा.
३. तेलातील वायूंचे घटक ठरलेल्या मुदतीने तपासा.
४. स्लिंगचा कोन कमी झाल्यास ओढीचा आडवा घटक वाढतो.
५. नो-लोड करंटचे दोन घटक असतात.
६. अर्थ फॉल्ट रिले शून्यक्रम घटकावर चालतो.
७. कंट्रोल कार्डावरील सदोष घटक बदला.

यांत 'घटक' कुठे ठेवावं, आणि 'भाग', 'पुर्जा', 'अवयव' यांपैकी काय कुठे यावं? आपापल्या कामातल्या वापरावरून सांगा, कोशातले प्रतिशब्द माझ्याकडे आहेत.

असेंब्ली_मकरपुरा

१, २ आणि ७ मध्ये 'घटक' नकोच. शॉपवर कोणी घटक मागत नाही. स्टोअरच्या खिडकीवर 'पार्ट' मागतात आणि चिठ्ठीवर 'नग' लिहितात. गुजराती कारागीर 'नंग' म्हणतो, अर्थ तोच. ओळखायची खूण अशी: ज्याला स्वतःचा ड्रॉइंग नंबर किंवा कॅटलॉग नंबर आहे, जे नगांत मोजून स्टोअरमधून निघतं आणि खोलून पुन्हा बसवता येतं, तो 'सुटा भाग'.

पण तेवढ्यानं भागत नाही, कारण भागांना पायऱ्या असतात. कन्झर्व्हेटर (तापून फुगलेलं तेल सामावून घेणारी जोडणी) ही सब-असेंब्ली, म्हणजे अनेक भाग जोडून बनलेला संच. तिच्या पोटात टाकी, तेलपातळीचा गेज, ड्रेन व्हॉल्व्ह आणि ब्रीदरकडे, म्हणजे आत येणारी हवा कोरडी करणाऱ्या उपकरणाकडे, जाणारा पाइप. ब्रीदर पुन्हा स्वतः सब-असेंब्ली: पारदर्शक भांडं, खालची तेलाची वाटी, गॅस्केट आणि आत सिलिका जेल. इंग्रजी मजकूर या सगळ्या पायऱ्यांना एकच नाव देतो. मराठीत 'ब्रीदरमधील घटक बदला' असं गेलं तर एखादा अख्खा ब्रीदर मागवेल, एखादा फक्त गॅस्केट बदलेल, आणि जेल तसंच गुलाबी राहील. निळं जेल ओलाव्यानं गुलाबी होतं, नारिंगी जातीचं हिरवं होतं. दोन्हीकडे बदलायचं असतं ते जेल. तेव्हा वाक्यात 'जेल' हाच शब्द लिहा. ज्या वस्तूला नाव आहे तिथे नाव द्यायचं. मॅन्युअलमधले निम्मे 'कंपोनंट' एवढ्यानंच उडतील.

शिवाय जेल किलोत, तेल लिटरमध्ये आणि गॅस्केट नगात मोजतात. जेल आणि तेल यांना सुटे भाग म्हणू नका, 'साहित्य' म्हणा. गॅस्केट सुटा भाग खरा, पण एकदा दाबून बसला की परत वापरत नाहीत. खोललेल्या फ्लँजवर जुनाच लावला की हमखास तेल झिरपतं. त्याच्यापुढे 'खोलल्यास नवा' एवढा शेरा यादीतच हवा.

'पुर्जा' मला इथे पटत नाही. पुर्जा म्हटलं की यंत्राच्या पोटातला छोटा, बहुधा हलणारा भाग डोळ्यांपुढे येतो. टॅप चेंजरच्या (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या स्विचच्या) आतल्या संपर्कांना चालेल, पण रेडिएटरला पुर्जा कोण म्हणेल?

शुद्धलेखन_दांडियाबाजार

मकरपुऱ्याच्या मुद्द्याला व्याकरणाची जोड देतो. 'घटक' हा अकारान्त पुल्लिंगी शब्द, त्याचं अनेकवचन 'घटक'च. 'सदोष घटक बदला' यात एक बदलायचा की सगळे, हे कळत नाही. 'भाग' शब्दाचंही तसंच. पण 'सुटा भाग' म्हटलं की विशेषण मदतीला येतं: सुटा भाग, सुटे भाग. म्हणून तांत्रिक मराठीत 'सुटे भाग' रुळला तो योग्यच. जिथे निव्वळ 'भाग' किंवा 'घटक' वापराल तिथे 'प्रत्येक', 'तो', 'ते सर्व' असं काहीतरी पुढे हवंच.

दुसऱ्या वाक्यात आणखी एक खड्डा आहे. 'घटक ३'चं 'भाग ३' केलं तर 'भाग ३' म्हणजे मॅन्युअलचा तिसरा भाग की आकृतीतला तिसरा सुटा भाग? पुस्तकाच्या विभागांना 'प्रकरण' म्हणा आणि 'भाग' फक्त वस्तूसाठी राखून ठेवा. एका मॅन्युअलमध्ये एका शब्दाला एकच काम दिलेलं बरं.

सामान्यरूपही जपा. 'घटकाचा' हे 'घटक'चं, 'घटकेचा' हे २४ मिनिटांच्या 'घटका'चं. घाईत टाइप करताना 'घटकेची तपासणी' असं पडलेलं सहज नजरेतून सुटतं. तीच गत 'अवयव' आणि 'अव्यय' यांची.

विज्ञानशिक्षिका_कारेलीबाग

चौथ्या वाक्यात मात्र 'घटक'च हवा, आणि तो का हवा हे समजून घेण्यासारखं आहे. 'ओढीचा आडवा भाग' असं केलंत तर वाचणारा दोराचा आडवा पडलेला तुकडा समजेल. इथे कंपोनंट म्हणजे वस्तूचा तुकडा नव्हे. तिरक्या ओढीची उभ्या आणि आडव्या दिशेला किती मात्रा पडते, तो हिशोब आहे.

आकडे घालून पाहा. २००० किलोचा भार, दोन पायांची स्लिंग (भार उचलायचा दोर), भार मधोमध. प्रत्येक पायाचा उभा घटक १००० किलोच राहतो, कोन कितीही असो. पण पायातली प्रत्यक्ष ओढ आडव्या रेषेपासूनच्या कोनावर ठरते:

६० अंश: प्रत्येक पायात ११५५ किलो, आडवा घटक ५७७
४५ अंश: १४१४ किलो, आडवा घटक १०००
३० अंश: २००० किलो, आडवा घटक १७३२

३० अंशांवर प्रत्येक पाय पूर्ण भाराएवढा ताणला जातो. आणि १००० अधिक १७३२ म्हणजे २७३२, ओढ मात्र २०००. घटकांची साधी बेरीज मूळ राशीएवढी होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. सुट्या भागांची वजनं मिळवली की अख्ख्या यंत्राचं वजन मिळतं. सदिशाच्या, म्हणजे दिशा असलेल्या राशीच्या, घटकांचं तसं नाही. माझ्या मते दोन अर्थांमधला हाच खरा फरक, आणि म्हणूनच दोन वेगळे शब्द हवेत.

असेंब्ली_मकरपुरा

ताई, हा तक्ता मॅन्युअलमध्ये जसाच्या तसा जायला हवा. आडवा घटक उचलण्याच्या लगना (टाकीवरच्या कानांना) आतल्या बाजूला ओढतो. कोन बसका असला की लग वाकतो, नाहीतर दोर रेडिएटरच्या पाकळ्यांवर घासून त्या चेपतात. म्हणून स्प्रेडर बीम लावतात: बीमखालचे दोर सरळ उभे लोंबतात, आडवा घटक बीम स्वतः झेलतो आणि टाकीवर फक्त उभी ओढ येते. 'कोन ६० अंशांखाली नको' हे वाक्य तक्त्याच्या लगेच खाली लिहा, आणि कोन आडव्या रेषेपासून मोजलाय हे चित्रात दाखवा. काही तक्ते उभ्या रेषेपासून कोन देतात. दोन पद्धती मिसळल्या की ३० आणि ६० यांची अदलाबदल होते आणि सुरक्षित वाटलेली उचल धोक्याची ठरते.

तीन_फेज

पाचवं आणि सहावं वाक्य याच कुळातलं. 'घटक' ठेवा, पण प्रत्येक घटक नावानिशी सांगा.

नो-लोड करंटचे दोन घटक: एक चुंबकन घटक, जो व्होल्टेजच्या ९० अंश मागे असतो आणि गाभ्यात चुंबकीय प्रवाह उभा करतो, दुसरा गाभाव्यय घटक, जो व्होल्टेजबरोबर असतो आणि पत्र्यांतल्या उष्णतेत जातो. मीटरनं ५ अँपिअर दाखवले आणि पॉवर फॅक्टर ०.२ निघाला, तर गाभाव्यय घटक १ अँपिअर आणि चुंबकन घटक सुमारे ४.९. बेरीज ५.९, मीटरवर ५. ताईंनी सांगितलं तेच. तारेत दोन वेगळे करंट वाहत नसतात. एकाच करंटकडे दोन बाजूंनी पाहिलेलं असतं.

अर्थ फॉल्ट रिले म्हणजे फेज जमिनीला लागली की पुरवठा तोडायला लावणारं उपकरण. त्याचा शून्यक्रम घटक तर आणखी पुढचा. तीन फेजचे असमतोल करंट तीन समतोल संचांच्या बेरजेनं मांडायची रीत चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये दिली: धनक्रम, ऋणक्रम, शून्यक्रम. उदाहरण घ्या. आर फेज जमिनीला लागली, तिच्यात ३०० अँपिअर, वाय आणि बी मध्ये काही नाही. हिशोब केला की तिन्ही क्रमांचे घटक १००-१०० अँपिअर येतात, आणि तेही तिन्ही फेजमध्ये. वाय फेजमध्ये प्रत्यक्ष करंट शून्य, तरी कागदावर तीन घटक आहेत. ते एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यानं त्यांची बेरीज शून्य होते. फिटरला 'शून्यक्रम भाग' असं सांगितलं तर तो तो भाग शोधत बसेल. म्हणून सहावं वाक्य असं करा: 'अर्थ फॉल्ट रिले तिन्ही फेजच्या करंटच्या सदिश बेरजेवर चालतो, ही बेरीज शून्यक्रम घटकाच्या तिप्पट असते.'

त्याला जोडून एक सूचना द्याच. तीनपैकी एका सीटीची (करंट मोजण्यासाठी लावलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी उलटी जोडली, तर फॉल्ट नसतानाही बेरीज शून्य येत नाही. समतोल १०० अँपिअर लोडवर, प्राथमिक बाजूच्या हिशोबानं, रिलेला २०० अँपिअर दिसतात. लोड चढवताच रिले उडतो आणि लोक केबलमध्ये दोष शोधतात. आधी सीटीची जोडणी तपासायची.

ऑईल_लॅब

तिसऱ्या वाक्यावर बोलते. 'तेलातील वायूंचे घटक' याचा सरळ अर्थ होतो वायू कशाचे बनलेत ते. मिथेनचे घटक म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ते कोणाला तपासायचे नाहीत. म्हणायचं आहे ते असं: तेलात विरघळलेले वायू कोणते आणि प्रत्येक किती. षष्ठी प्रत्ययानं इथे घोटाळा केलाय. 'तेलात विरघळलेल्या प्रत्येक वायूचे प्रमाण तपासा' एवढं पुरे.

वायूंची नावंही द्या: हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन, ॲसिटिलीन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड. नाव दिलं की कारण सांगता येतं. ॲसिटिलीन वाढलं तर आत ठिणगी किंवा आर्क. इथिलीन वाढलं तर तेल कुठेतरी फार तापतंय. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागदी इन्सुलेशनकडे संशय. हायड्रोजन एकटाच वाढला तर बारीक डिस्चार्ज. एका चाचणीच्या आकड्यापेक्षा मागच्या चाचणीपासून किती वाढ झाली ते महत्त्वाचं, म्हणून तक्त्यात मागच्या चाचणीचा रकाना ठेवा. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये घ्यावा, व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी सोडून द्यावं, आणि सिरिंजमध्ये बुडबुडा राहू देऊ नये. बुडबुडा राहिला की हायड्रोजन तेलातून त्यात निघून जातो आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

रसायनशास्त्रात कंपोनंटला फारच काटेकोर अर्थ आहे, तोही नोंदवते. गिब्जच्या प्रावस्था (घन, द्रव, वायू अशा अवस्था) नियमात कंपोनंट म्हणजे सगळ्या प्रावस्थांचं संघटन सांगायला लागणाऱ्या स्वतंत्र पदार्थांची किमान संख्या. बंद भांड्यात चुनखडी तापवली की कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड असे तीन पदार्थ हजर असतात, पण कंपोनंट दोनच; दोन ठरले की तिसरा समीकरणानं ठरतो. बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र असली तरी कंपोनंट एकच. म्हणजे हजर असलेले पदार्थ वेगळे आणि घटक वेगळे. मराठीत दोन्हींना 'घटक' म्हटलं की विद्यार्थी तीन मोजतो आणि उत्तर चुकतं. हजर पदार्थांना 'घटकद्रव्ये' आणि मोजणीतल्या किमान संख्येला 'स्वतंत्र घटक' म्हणावं असं मला वाटतं.

पंचावयव

थोडं शब्दांच्या मुळाकडे जातो, कारण 'अवयव' शब्द चर्चेतून उगाच सुटतोय.

इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'एकत्र ठेवणे' या क्रियापदापासून आला. आपल्या 'घटक'चं मूळ 'घट्' धातूत, जुळवणे, घडवून आणणे. म्हणून घटना, संघटना, राज्यघटना ही सगळी एका घरची. घटक म्हणजे ज्याच्यामुळे काही घडतं तो. घटकराज्य, घटकपक्ष, शाळेतली घटक चाचणी, सगळीकडे हाच भाव आहे: पूर्णाच्या घडणीत त्याचा वाटा आहे, पण स्क्रू काढून हातात घेता येईलच असं नाही.

'अवयव' वेगळा. न्यायशास्त्रात अनुमानवाक्याचे पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आणि अवयवाची जोडी 'अवयवी'शी. धागे हे अवयव, कापड हा अवयवी. हीच जोडी गुजराती शाळेत आजही रोज चालते. तिथे मसावि म्हणजे ગુસાઅ, 'गुरुतम सामान्य अवयव', आणि लसावि म्हणजे 'लघुतम सामान्य अवयवी'. ज्या संख्येत दोन्ही अवयव सामावतात ती अवयवी संख्या, किती नेमकं नाव आहे! मराठी गणितात आपण 'अवयव पाडा' म्हणतो, पण 'अवयवी' सोडून 'विभाज्य' घेतला. हिंदी शाळेत अवयवाऐवजी 'गुणनखंड'. बडोद्यात घरी मराठी आणि वर्गात गुजराती अशा मुलाला 'अवयव' दोन्हीकडे कळतो.

त्यामुळे मॅन्युअलमध्ये 'अवयव' नको. सामान्य वाचकाला शरीराचा अवयव आठवतो, शिकलेल्याला गणिताचा.

'अंग' तिसरं. राज्याची सात अंगं, पंचांगाची पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. अंग वेगळं काढलं तर पूर्ण वस्तू तीच राहत नाही. यंत्राला हा शब्द मी लावणार नाही, पण योजनेच्या किंवा कार्यक्रमाच्या कंपोनंटला तो कधीकधी छान बसतो.

बडोद्यानं हे काम मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे, हे इथे सांगायलाच हवं. १८९० मध्ये कलाभवन उघडलं तेव्हा तंत्रशिक्षण देशी भाषेत द्यायचा विचार त्यामागे होता. १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला, त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली शब्द शेजारी शेजारी मांडले. त्या मांडणीचा गुण असा की शेजारच्या भाषेत तोच शब्द कुठल्या अर्थानं रुळलाय ते एका नजरेत दिसतं. तुमच्या मॅन्युअलच्या शेवटी इंग्रजी, मराठी, गुजराती असा तीन रकान्यांचा शब्दसंग्रह द्या. बडोद्यातून साइटवर जाणारा कारागीर आणि तिथला वायरमन दोघांनाही तो लागेल.

शुद्धलेखन_दांडियाबाजार

काका, अवयवीचा मुद्दा फार मोलाचा. फक्त मॅन्युअलच्या शब्दसंग्रहात गुजराती रकानाही देवनागरीत द्यावा, म्हणजे दोघांनाही वाचता येईल. वरचा तुमचा संक्षेपही 'गुसाअ' असाच लिहूया.

जमाखर्च_अलकापुरी

पॅकिंग यादी आणि बीजक यांत 'सुटे भाग' हा शब्द टाकण्याआधी एक ध्यानात ठेवा. रोजच्या भाषेत जो ट्रान्सफॉर्मरचा भाग आहे तो एचएसएन वर्गवारीत (करासाठी मालाला दिलेल्या क्रमांकांत) तसा असेलच असं नाही. ट्रान्सफॉर्मर ८५०४ मध्ये, त्याचे खास भाग ८५०४ ९० मध्ये. पण विभाग १६ च्या टिपांप्रमाणे सर्वसाधारण वापराच्या वस्तू तिथून बाहेर काढलेल्या आहेत आणि ज्यांना स्वतःचं शीर्षक आहे त्या आपल्या शीर्षकात जातात. लोखंडी किंवा पोलादी नट-बोल्ट ७३१८. व्हल्कनाइज्ड रबराचे गॅस्केट ४०१६. विद्युत इन्सुलेटर ८५४६. पंख्याच्या मोटरचं बॉल बेअरिंग ८४८२. सगळं एका ओळीत 'ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग, १ संच' असं लिहून ८५०४ ९० लावलं तर वर्गवारी चुकते.

उलट, पूर्ण ट्रान्सफॉर्मर वाहतुकीसाठी खोलून, रेडिएटर आणि कन्झर्व्हेटर वेगळ्या खोक्यांत घालून एकत्र पाठवला, तर वर्गवारीचा अर्थ लावण्याच्या नियम २(अ) प्रमाणे तो न जोडलेला पूर्ण ट्रान्सफॉर्मरच धरला जातो. त्या खोक्यांच्या यादीवर 'सुटे भाग' नको, 'सुटी केलेली जोडणी' म्हणा. जादा दिलेल्या वस्तूंना 'राखीव सुटे भाग' म्हणा. 'सुटे' शब्द दोन्ही अर्थ खेचतो, म्हणून 'राखीव' जोडणं भाग आहे. आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवर खोक्यांची संख्या 'दागिने' या रकान्यात येते. तिचा भागांच्या संख्येशी संबंध नाही. १४ दागिन्यांत २०० नग असू शकतात.

हिशेबात कंपोनंटला आणखी एक अर्थ आहे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ प्रमाणे मालमत्तेच्या एखाद्या भागाची किंमत एकूण किमतीच्या मानानं लक्षणीय असेल आणि त्याचं आयुष्य वेगळं असेल, तर त्याचा घसारा वेगळा काढायचा. समजा भट्टी ४० लाखांची, त्यातलं अस्तर १० लाखांचं. भट्टीचं आयुष्य १५ वर्षं, अस्तराचं ४. शेष किंमत बाजूला ठेवून सरळ रेषेनं काढलं तर एकत्रित घसारा वर्षाला २.६७ लाख, वेगळा काढला तर २ अधिक २.५, म्हणजे ४.५ लाख. याला 'भागनिहाय घसारा' म्हणतो. 'घटकनिहाय' म्हटलं की लोक उत्पादन युनिटनिहाय समजतात, कारण कारखान्याच्या युनिटलाही आपण घटकच म्हणतो: लघुउद्योग घटक, आजारी घटक.

रक्तपेढी_तंत्र

विषय ट्रान्सफॉर्मरचा आहे, तरी 'घटक' आणि युनिटच्या गोंधळावर एक नोंद. आमच्याकडे कंपोनंट म्हणजे एका रक्तपिशवीतून वेगळं काढलेलं उत्पादन: लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स, क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा अंश). 'रक्तघटक' हा शब्द पक्का रुळलाय. प्रत्येकाची साठवण निराळी. लाल पेशी २ ते ६ अंशांवर, प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर सतत हलत्या आणि ५ दिवसच, गोठवलेला प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याखाली. मागणीपत्रावर '२ घटक' असं कधीच लिहू नये. '२ युनिट प्लेटलेट्स' असं लिहावं. युनिटला युनिटच म्हणा. आणि 'रक्तातले घटक', म्हणजे हिमोग्लोबिन, साखर वगैरे, हा वेगळा अर्थ. शब्द जोडून लिहिला की तोडून यावर तो ठरतो.

सोल्डर_गोरवा

सातवं वाक्य माझं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये 'कंपोनंट' देवनागरीत तसाच ठेवा. कार्ड दुरुस्त करणारा तोच शब्द वापरतो. रोधक, धारित्र हे पुस्तकात ठीक. पण 'सदोष कंपोनंट बदला' हेही अपुरं आहे. कार्डावर प्रत्येकाचा खूणक्रमांक छापलेला असतो: रेझिस्टरला आर, कपॅसिटरला सी, डायोडला डी, ट्रान्झिस्टरला क्यू, आयसीला यू. 'आर१४ आणि सी७ तपासा' असं लिहा.

यादीत मूल्य, टॉलरन्स, व्होल्टेज आणि आकार हे चारही हवेत. आकारात मोठी फसगत होते. ०६०३ हा इंची संकेत असेल तर वस्तू १.६ गुणिले ०.८ मिमी. तोच ०६०३ मेट्रिक संकेत असेल तर ०.६ गुणिले ०.३ मिमी, ज्याला इंचीत ०२०१ म्हणतात. हातानं सोल्डर करणाऱ्यासाठी दुसरी वस्तू जवळजवळ धुळीच्या कणाएवढी, आणि ती मोठ्या पॅडवर बसतही नाही. संकेताच्या जागी सरळ मिलिमीटर छापा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलताना मूळ व्होल्टेजपेक्षा कमी रेटिंगचा लावू नये आणि ऋण पट्टीची बाजू चुकवू नये. उलटा लावला तर फुगतो, फुटतोही.

रावपुरा_अनुवाद

सगळ्यांचे मनापासून आभार. दुरुस्त खर्डा:

१. खोकी उघडल्यावर प्रत्येक नग पॅकिंग यादीशी ताडून पाहा. तेल आणि सिलिका जेल यांची मोजणी अनुक्रमे लिटर आणि किलोत करा.
२. आकृतीतील भाग क्र. ३ (कन्झर्व्हेटर) काढण्यापूर्वी तेलाची पातळी खाली आणा.
३. तेलात विरघळलेल्या प्रत्येक वायूचे प्रमाण ठरलेल्या मुदतीने तपासा.
४. स्लिंगचा आडव्या रेषेपासूनचा कोन कमी झाल्यास ओढीचा आडवा घटक वाढतो. तक्ता पाहा.
५. नो-लोड करंटचे चुंबकन आणि गाभाव्यय असे दोन घटक असतात. त्यांची बेरीज सदिश पद्धतीने करावी.
६. अर्थ फॉल्ट रिले तिन्ही फेजच्या करंटच्या सदिश बेरजेवर चालतो. ही बेरीज शून्यक्रम घटकाच्या तिप्पट असते.
७. कंट्रोल कार्डावरील सदोष कंपोनंट खूणक्रमांकानुसार ओळखून, यादीतील मूल्य आणि आकाराचाच नवा लावा.

शब्दसंग्रहात 'घटक' फक्त ४, ५, ६ साठी. 'सुटा भाग', 'राखीव सुटा भाग', 'सब-असेंब्ली' आणि 'साहित्य' यांच्या व्याख्या एकेका ओळीत, तिन्ही रकाने देवनागरीत.

असेंब्ली_मकरपुरा

दुसऱ्या वाक्यात 'खाली आणा' एवढ्यावर सोडू नका. कन्झर्व्हेटर काढायचा तर आधी ट्रान्सफॉर्मर बंद करून दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, ते पहिलं वाक्य. मग कन्झर्व्हेटर आणि बुखोल्झ रिले (तेलात वायू साचला की इशारा देणारं उपकरण) यांच्यामधला व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि कन्झर्व्हेटरमधलं तेल त्याच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून स्वच्छ, कोरड्या पिंपात पूर्ण काढायचं. व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर टाकीतलं तेलही जोडणीच्या फ्लँजखाली न्यावं लागतं. पातळी 'खाली' म्हणजे कशाच्या खाली, ते त्या फ्लँजचं नाव घेऊन लिहा.

तीन_फेज

आणि परत बसवल्यावर बुखोल्झ रिलेतली हवा वरच्या कॉकमधून सोडायला सांगा. राहिलेली हवा वायू समजून रिले अलार्म देतो.